वाजणारे पाय

सायकल डाव्या कोपराला घासून पुढे गेली आणि मग त्याला कळलं की ती मागून येत होती. खांद्यावरची रॅकेटची लांबट बॅग गर्रकन फिरून पोटावर आली, आणि फुटपाथ संपून रस्ता सुरू होतो त्या दगडी कडेवर तो एक पाय वर, एक पाय खाली असा उभा राहिला. सायकलवाला थोडं पुढे जाऊन थांबला. त्याच्या कॅरियरवर पावांचे ट्रे दोरीनं बांधलेले होते, त्यातला वरचा तिरका झाला होता. तो सरळ करता करता माणूस म्हणाला, "घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखायला लागला माझा. रस्ता काय आंदण मिळालाय का तुम्हाला?" आवाजात राग फारसा नव्हता, दिवसभराचा कंटाळाच जास्त होता. "तुम्ही वाजवलीच नाहीत," तो म्हणाला, आणि खरंच त्याला तसं वाटत होतं. सायकलवाल्यानं वाद घातला नाही. त्यानं अंगठा घंटीवर ठेवला आणि वाजवून दाखवली. चांगली खणखणीत घंटी होती, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसाला उठवेल अशी. मग ट्रे आवळून तो आपल्या वाटेनं निघून गेला.

आता यात एवढं काय होतं? शहरात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी घासून जातं, दोन शब्द बोलतं, विसरतं. पण याचे हात गार पडले, सामन्याच्या पहिल्या सर्व्हिसआधी पडायचे तसे. त्यानं केस सारखे केल्यासारखं करून उजवा तळवा उजव्या कानावर दाबून धरला. समोर बस सुटत होती, एक बाई हातातल्या पोराला रागावत होती, दुकानाचं शटर वर जात होतं, आणि या सगळ्याचा मिळून त्याच्यापर्यंत पोचला तो शेजारच्या घरात कुणी बोलत असावं एवढाच आवाज. त्यानं हात काढला, सगळे आवाज परत आले. मग डावा तळवा डाव्या कानावर दाबला. काहीच बदललं नाही. बस तशीच घुरघुरत होती, बाई तशीच रागावत होती. पहिल्यानं तो चपापला होता, या दुसऱ्यानं मात्र घाबरला. डावीकडचं जे दार आपण उघडं समजत होतो ते बंदच होतं, आणि कधीपासून, हे त्याला सांगता येईना.

त्याचा धंदाच मुळी कानांचा होता, पण हे बाहेरच्या माणसाला सांगून पटलं नसतं. बॅडमिंटन म्हटलं की लोकांना मनगट आठवतं, फार तर पाय आठवतात. पण तो आयुष्यभर दुहेरी खेळत आला होता, आणि दुहेरीतही जाळीजवळचा, पुढचा. हल्ला चालू असला की जोडीतला एक मागे राहून स्मॅश मारतो, दुसरा जाळीपाशी वाकून समोरचे परत काय देतात ते टिपायला उभा राहतो. या पुढच्याला पाठीमागचं काहीच दिसत नाही आणि त्यानं ते बघायचंही नसतं. लहानपणी सरांनी हातात रॅकेट देण्याआधी शिकवलं होतं ते हेच. "पुढे उभा राहिलास की मान वळवायची नाही. वळवलीस तर आपल्याच माणसाचं शटल डोळ्यात बसेल. आणि डोळा वाचला तरी खेळ जाईल." मग मागचं कसं कळणार, असं कुणी तरी विचारलं, तेव्हा सरांनी सगळ्या पोरांना हॉलच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकेकाला मागच्या लाकडी फळ्यांवरून पळायला लावलं. कोण पळतोय, कुठून कुठे पळतोय, दमलाय की ताजा आहे, ते ऐकून सांगायचं. "ताज्या माणसाचे पाय वाजत नाहीत," सर म्हणायचे. "पाय वाजायला लागले की समजायचं, माणूस संपत आला." हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की रस्त्यानं मागून चालणाऱ्या अनोळखी माणसांचीही तो मनातल्या मनात परीक्षा घ्यायचा. हा दमलाय. हिला घाई आहे. याचा डावा गुडघा दुखतो. केव्हातरी ही सवय सुटली होती. का सुटली, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता, आणि आत्ता या दगडी कडेवर उभ्या उभ्या तो विचार त्याला गाठत होता.

त्याच्या मागे सगळी वर्षं एकच माणूस होता. बगळ्या. उंच, सडपातळ, सर्व्हिस यायच्या आधी एक पाय किंचित उचलून डोळे मिटल्यासारखं उभं राहायची खोड, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, ते पुढे सामन्यात नावं जाहीर करणाऱ्याच्या तोंडीसुद्धा बसलं. या दोघांची कुणी निवडून जोडी केली नव्हती. चांगली चांगली पोरं आपापसात जुळली आणि हे दोघे उरले. एक फार बुटका, एक फार लांब. सर म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडा आता." ती जोडी अकरा वर्षं टिकली. लग्नंसुद्धा इतकी टिकत नाहीत, असं बगळ्या प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. मुलाखती फार झाल्या नाहीत, पण ज्या झाल्या त्यात सांगायचा. एके काळी देशातली तिसरी जोडी होते ते. पहिल्या दोन जोड्यांना त्यांनी हरवलं नाही असं नाही, पण बरोबर हव्या त्या दिवशी हरवलं नाही. आणि गंमत अशी, की या अकरा वर्षांत त्यानं बगळ्याला खेळताना असा पाहिलाच नव्हता. स्मॅश मारताना बगळ्याचा चेहरा कसा होतो हे समोरच्या प्रत्येक जोडीला माहीत होतं, त्याला नाही. त्याला माहीत होता तो उडी घेताना होणारा बुटांचा बारीक चर्र आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग कानाजवळून गेलेलं शटल. तेवढ्यावर त्याचं सगळं चालायचं. आपला एक अवयव मागे ठेवलाय, इतक्या बिनघोरपणे तो पुढे वाकून उभा राहायचा.

फोन खिशात होता. त्यानं बायकोला लावला आणि मुद्दाम डाव्या कानाला धरला. घंटा वाजते आहे की नाही ते कळेना. थोडा वेळ तसाच धरून मग त्यानं तो उजवीकडे नेला, तर ती बोलतच होती. "हॅलो. अरे ऐकू येतंय का? कुठे आहेस?"

"तू पलंगावरची बाजू का बदललीस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"झोपायची बाजू. आधी तू भिंतीकडे असायचीस."

पलीकडे जरा वेळ भांडी ठेवल्याचा आवाज आला. "त्याला किती दिवस झाले. आता विचारतोयस? आणि रस्त्यातून?"

"सांग ना."

"त्या बाजूनं बोललं की तू उत्तर द्यायचा नाहीस. इकडच्या बाजूला आले की द्यायचास. मला वाटलं, असेल काहीतरी तुझं. तुम्हा खेळाडूंच्या असतात ना तसल्या सवयी. आधी उजवाच बूट, सामन्याच्या दिवशी तोच टॉवेल. म्हटलं, बदलू बाजू, त्यात माझं काय जातंय." भांड्यांचा आवाज थांबला. "का रे? काही झालंय का?"

"नाही, सहज," तो म्हणाला आणि फोन ठेवला. जेवायच्या टेबलावरही ती हल्ली उजव्या खुर्चीत बसायची. गाडीत मात्र डावीकडे बसावं लागे, आणि गाडीत ती खिडकीबाहेर बघत गप्प असायची, ते आपल्यावर रुसून असं तो धरून चालला होता. त्याच्या नकळत सगळं घर उठून त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसलं होतं.

केव्हा गेला असेल कान? एकदा परदेशातल्या स्पर्धेला जाताना त्याला सडकून सर्दी झाली होती आणि विमान उतरताना डाव्या कानात कुणी बोट घालून पिरगळावं तसं दुखलं होतं. दोन दिवस कान गच्च. बगळ्यानं त्याला नाक दाबून फुंकायला लावलं, जांभया द्यायला लावल्या, स्वतः समोर बसून खोट्या जांभया दिल्या, आणि शेवटी दोघंही खरोखरच झोपी गेले. त्यानंतर कान मोकळा झाला असं त्याला वाटलं होतं. आता वाटत होतं, मोकळा झालाच नसेल. गच्चपणाची सवय झाली असेल, दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरलं असेल. त्या स्पर्धेनंतरच तर ते हरायला लागले. एकदम नाही. मधली शटलं जायला लागली. दोघांच्या बरोबर मधून पडणारं शटल म्हणजे जोडीची अब्रू. ते कुणी घ्यायचं हे ओरडून सांगायचं असतं, "माझं" किंवा "तुझं", एवढाच दुहेरीतला सगळा संवाद. आणि ते शटल दोघांच्या मधे सावकाश पडायचं, आणि दोघंही त्याच्याकडे बघत उभे. तो बगळ्यावर चिडायचा. "तू बोलत का नाहीस? तोंडात काय धरून ठेवलंयस?" बगळ्या टॉवेलनं तोंड पुसत त्याच्याकडे बघायचा, विचित्र नजरेनं, आणि म्हणायचा, "बरं. मोठ्यानं बोलतो."

मग पाय वाजायला लागले. हे त्याला स्पष्ट आठवत होतं. ज्याचे बूट फक्त चर्र करायचे तो बगळ्या धाडधाड पाय आपटत पळत होता. शिवाय तो हटकून उजवीकडे यायला लागला होता. बचावाला दोघं शेजारी शेजारी उभे राहतात, तेव्हा जवळची जागा डावीकडे असली तरी बगळ्या वळसा घालून उजवीकडेच घुसायचा आणि त्या लांबच्या फेरीत अर्धा क्षण उशीर करायचा. दुहेरीत अर्धा क्षण म्हणजे फार झाला. लोक बोलायला लागले. वर्तमानपत्रात कुणी लिहिलं, उंच खेळाडूंचं वय लवकर दिसतं. आणि एक दिवस सरांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं. रिकाम्या शटलच्या नळ्या रचून ठेवलेली ती खोली, जुन्या घामाचा वास, टेबलावर सरांची शिट्टी. सर म्हणाले, "तुझ्याइतका त्याला कुणी ओळखत नाही. खरं सांग, तो दमतोय का?" त्याला सांगता आलं असतं की मला ठाऊक नाही. सांगता आलं असतं की आम्ही दोघंही दमतोय. पण त्याला अजून दोन-तीन सीझन खेळायचं होतं, मनापासून खेळायचं होतं, आणि खोटं तर तो बोलतच नव्हता. तो म्हणाला, "त्याचे पाय वाजायला लागलेत, सर." त्या हॉलमध्ये वाढलेल्या माणसाला याहून अधिक काही सांगायची गरज नव्हती. सरांनी मान हलवली. त्याच आठवड्यात बगळ्याला सांगण्यात आलं. कपडे बदलायच्या खोलीत बगळ्यानं आपलं सामान भरलं, बूट उलटे करून आपटले, आणि मुठीला गुंडाळायच्या ग्रिपचा अर्धवट वापरलेला रोल त्याच्या बॅगेत टाकत म्हणाला, "ठेव, तुला लागतो." त्या दिवशी त्याला हायसं वाटलं होतं. बगळ्या भांडला नाही, म्हणजे त्यालाही पटलं असणार. माणसाला आपल्या सोयीचं फार पटकन समजतं.

हॉलवर जायचं सोडून तो बाजाराच्या बाजूला वळला होता, हे त्याला दुकानांच्या पाट्या दिसल्यावर कळलं. संध्याकाळच्या सरावाला अजून वेळ होता. पुढच्या आठवड्यात पात्रता फेरी होती, नव्या जोडीदाराबरोबर. नवा पंचविशीतला, दणकट खांद्यांचा, गरजेपुरतं बोलणारा. ही फेरी निघाली तर आणखी एक सीझन, नाही निघाली तर सरांच्या शब्दांत "मग बघू". त्या "मग बघू"चा अर्थ लहान पोरांनाही कळतो. आणि नव्याबरोबरही मधली शटलं पडतच होती. नवा बिचारा स्वतःला दोष देत होता. बाजारातून चालताना त्याला पाठीवर भार वाटत होता, रॅकेटच्या बॅगेचा नव्हे. मागून कोण येतंय, किती येतायत, काही कळत नव्हतं. सगळी उमर ज्या दिशेकडे त्यानं पाठ करून भरवसा ठेवला ती दिशाच कुणी पुसून टाकली होती. त्याला बगळ्याला एकच गोष्ट विचारायची होती: तू हाक द्यायचास का? नाही म्हणाला असता तर सगळंच सोपं झालं असतं.

बगळ्या मेहुण्याच्या दुकानात बसायचा. खेळाच्या सामानाचं अरुंद दुकान, पुढे काउंटर, काउंटरपलीकडे रॅकेटला तार भरायचं गटिंगचं मशीन. त्याच्या चापांमध्ये कुणाची तरी रॅकेट आडवी घट्ट धरलेली होती आणि बगळ्या तीत तार ओवत होता. वर न बघता म्हणाला, "पाच मिनिटं थांबा," मग वर बघितलं. "बुटक्या? वाट चुकलास का?"

"गटिंग करायचं होतं," तो म्हणाला आणि बॅगेतली हाताला आली ती रॅकेट पुढे केली. बगळ्यानं ती घेतली, तारांवर बोटं फिरवली, तळव्यावर टकटक मारून कानाशी धरली. "ही तर धडधाकट आहे," तो म्हणाला. "चांगली टणटण वाजतेय. काय काम काढलंस?" आणि काउंटरची फळी उचलून तो बाहेर आला. तेव्हा याला दिसलं की तो लंगडतोय. टाच टेकवताच येत नसावी असा, चवड्यावर. ती फळी काउंटरच्या डाव्या टोकाला होती. बगळ्या तिथून बाहेर आला, डावीकडे मोकळी जागा आणि बसायला स्टूलसुद्धा होतं, पण तो लंगडत लंगडत त्याला पूर्ण वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि रचलेल्या बुटांच्या खोक्यांना टेकून उभा राहिला.

"इकडे का आलास?" त्यानं विचारलं.

"इकडे म्हणजे?"

"या बाजूला. स्टूल तिकडे आहे."

बगळ्यानं स्टुलाकडे बघितलं. "सवय," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माझा कान."

बगळ्या हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "हे विचारायला आलास? इतक्या दिवसांनी?"

"मला आज कळलं. मघाशी. सायकल घासून गेली."

"आज," बगळ्या म्हणाला. "उगाच काहीतरी सांगू नकोस."

"आज कळलं, बगळ्या. तू हाक द्यायचास का?"

"घसा बसेपर्यंत द्यायचो. सामना झाला की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आठवतंय? तू म्हणायचास, गरम पाणी पी. आधी मला वाटलं तुझं लक्ष नाही. मग लक्षात आलं, उजवीकडून ओरडलो की ऐकतोस. म्हणून इकडे यायला लागलो. पण दर वेळी कसा येणार? कोर्ट काय आपल्या बापाचं आहे? मग पाय आपटायला लागलो."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय केलंस?"

"पाय. फळ्यांवर जोरात आपटले की तुला समजायचं. ऐकू येत होतं का पायाखाली हादरा लागत होता, ते तू जाणे. पण तुझी पाठ बरोबर सरकायची. डावीकडे आपटलं की उजवीकडे जायचास. मला दिसायचं ना. अकरा वर्षं तुझी पाठच तर बघितली मी, दुसरं काय होतं माझ्यासमोर?" तो खाली आपल्या बुटाकडे बघत होता. "टाच त्यानंच गेली. डॉक्टर म्हणाला, एवढे पाय आपटून कोण खेळतं? मी म्हटलं, दमलो होतो हो. सगळे तेच म्हणत होते, याला एकट्याला कशाला वेगळं सांगायचं."

दुकानाबाहेरून माणसं जात होती. त्याला बसावंसं वाटलं, पण स्टूल डावीकडे होतं, आणि तिथे बसलं तर बगळ्याला पुन्हा उठून यावं लागलं असतं. तो उभाच राहिला. "मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगून काय झालं असतं? तू वळून बघायला लागला असतास. ऐकू येत नाही हे एकदा डोक्यात शिरलं की माणूस वळणारच. आणि वळणारा पुढचा कुणाला हवाय? त्या दिवशी तू संपला असतास, तुझ्याबरोबर मी. म्हटलं, याला कळत नाहीये तेच बरं आहे. निभतंय तोवर निभवू."

"आणि सरांनी तुला बोलावलं तेव्हा? तेव्हा का बोलला नाहीस?"

बगळ्यानं मशीनकडे बघितलं. तिथल्या रॅकेटची अर्धवट ओवलेली तार तशीच लोंबत राहिली होती. "सर म्हणाले, तुझे पाय वाजतात असं त्यानं सांगितलं. तेव्हा मला वाटलं तुला माहीत आहे. स्वतःचा कान माणसाला कळत नाही होय? मला वाटलं, मी का आपटतो ते याला पक्कं माहीत आहे, आणि तरी हा जाऊन हेच सांगून आला. इतके दिवस हेच धरून बसलोय."

"मला नव्हतं माहीत."

"असेल," बगळ्या म्हणाला. "नसेल माहीत. पण मग मी आता काय करू ते सांग. इथे तार ओवता ओवता रोज तुला शिव्या घालत होतो, त्या निदान कुणाला तरी घालत होतो." आवाज चढला नव्हता. हे बोलून त्यानं रॅकेट परत त्याच्या हातात दिली, धरायची बाजू पुढे करून, कोर्टवर द्यायचा तशी. याला माफी मागायची होती. पण कशाची मागायची? जे बोललो ते खरंच होतं, पाय वाजतच होते. खऱ्याची माफी मागायला शब्द सापडेनात. शरम मात्र इतकी वाटली की कानशिलं तापली, दोन्ही सारखीच.

"पुढच्या आठवड्यात खेळतोयस ना?" बगळ्यानं विचारलं.

"हो."

"नव्याला सांगितलंस?"

"काय सांगू? पाय आपट म्हणून?"

दोघांनाही हसू आलं नाही. "तो नाही आपटायचा," बगळ्या म्हणाला. "चांगले पाय आहेत त्याचे. बघून आलोय मी, वरच्या गॅलरीत बसून." आणि काउंटरच्या आत जाता जाता, लंगडत, पुन्हा त्याला उजवीकडून वळसा घालताना, तो म्हणाला, "आज आला नसतास तरी चाललं असतं. आता तू वळणार, बुटक्या."

हॉलमध्ये दिवे लागले होते. गोदामासारख्या उंच छताखाली तोच रबराचा आणि घामाचा वास होता, ज्या वासात तो घरापेक्षा जास्त राहिला होता. सर खुर्चीवर, गळ्यात शिट्टी. नवा जोडीदार दोरीवरच्या उड्या संपवून तयार होता, त्यानं वयाला शोभेल अशा अदबीनं मान लववली. तो जाळीजवळच्या आपल्या जागी जाऊन उभा राहिला. जागा तीच होती. पायाखालच्या फळ्या त्याच, एक जराशी वर आलेली, डाव्या अंगठ्याखाली लागणारी, ओळखीची. त्यानं ठरवलं होतं, मान वळवायची नाही. सगळी उमर वळवली नाही, तर आत्ताच काय बिघडलंय? काल इथेच उभा होतो आणि खेळत होतो. कान कालही गेलेलाच होता. काल आणि आजमध्ये फक्त एक सायकल गेली होती. त्यानं छोटी सर्व्हिस केली, समोरच्यांनी शटल उंच उचललं, ते त्याच्या डोक्यावरून मागे गेलं, आणि तो वाकून, रॅकेट छातीपुढे धरून, जाळीकडे बघत थांबला. आता मागून चर्र आवाज यायला हवा होता. त्याला कळत होतं की तो येत असणार, बाकी सगळ्या जगाला येत असणार. पाठीमागे कुणी नव्हतं. खेळायला लागल्यापासून पहिल्यांदा त्याच्या मागे कुणीही नव्हतं, एवढा मोठा लाकडी अंधार होता आणि त्यात कुठेतरी एक शटल खाली येत होतं.

तो वळला. नवा हवेत होता, दात आवळलेले, डोळे विस्फारलेले. स्मॅश मारताना माणसाचा चेहरा असा होतो तर, हे त्याच्या मनात आलं, आणि बगळ्याचा कसा होत असेल हेही आलं. नव्यानं शेवटच्या क्षणी मनगट वळवलं म्हणून शटल गालाला चाटून गेलं, डोळ्यात बसलं नाही. शिट्टी झाली. "काय झालं?" सरांनी विचारलं, आणि तो म्हणाला, "काही नाही." पुन्हा सर्व्हिस. पुन्हा ते उंच गेलं. त्यानं सगळा जोर लावून जाळीच्या पांढऱ्या पट्टीवर नजर खिळवली, हनुवटी छातीला लावली, आणि तरी मान फिरली. ती त्याची राहिलीच नव्हती. या वेळी शिट्टी झाली नाही. सरांनी ती गळ्यातून काढली, हातात जरा वेळ धरली आणि खुर्चीच्या दांडीला अडकवून ठेवली. ते दुसरीकडे बघू लागले. पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवणारा माणूस होता तो, त्याला काही विचारायचं उरलं नव्हतं.

नवा जवळ आला. डावीकडून आला. त्याचे ओठ हलत होते. यानं डोकं फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला.

"माझं काही चुकलं का?" तो विचारत होता. "मी हाक दिली होती. ऐकू नाही का आली?"

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "पाय चांगले आहेत तुझे. वाजत नाहीत."

पोराचा चेहरा खुलला. या हॉलमध्ये त्याहून मोठं कौतुक नव्हतं. तो खुशीत आपल्या जागेवर परत गेला, असावा, कारण त्याचा काहीच आवाज आला नाही. यानं शटल बोटांत धरलं आणि सर्व्हिस करायच्या आधीच मागे बघितलं.